एका 'येस'चा प्रवास

जळगावच्या एका अध्यापक विद्यालयात तिसरीची पाच मुले आहेत. ती कधी गैरहजर राहत नाहीत, डबा खात नाहीत आणि चौथीत जात नाहीत. भिंतभर पडद्यावर, पाच बाकांवर बसून ती समोर उभ्या असलेल्या भावी शिक्षकाकडे एकटक पाहत असतात. ही मुले पाहायला मी पुण्याहून गेलो होतो. मुक्काम चार दिवसांचा. सांगण्यासारखे जे घडले ते या पडद्यासमोर सुरू झाले आणि पश्चिमेला, धुळ्याच्या पुढे, साक्री तालुक्यातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत संपले.

जळगाव, सोमवार

प्राचार्या लता चौधरी रावेरकडच्या. वडिलांची केळीची बाग, स्वतःची गणिताची पदवी. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी केळीचे वेफर्स, चहा आणि यंत्राची माहिती एकदमच पुढे केली.

"विमान चालवणाऱ्याला आधी खोट्या विमानात बसवतात," त्या म्हणाल्या. "शिक्षकाला मात्र पहिल्या दिवशीच खरी पोरं देतात. त्याचं विमान पडलं तर कोणाला कळतसुद्धा नाही."

यंत्राचे काम असे चालते. विद्यार्थी-शिक्षक पडद्यासमोर दहा मिनिटे पाठ घेतो. पडद्यावरची मुले ऐकतात, जांभई देतात, हात वर करतात, प्रश्न विचारतात. खोलीत बोललेला प्रत्येक शब्द यंत्र टिपते आणि शेवटी शंभरपैकी गुण देते. शिक्षक स्वतः किती बोलला, प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबला, कोणत्या मुलाकडे पाहिलेच नाही, सगळे मोजले जाते. साठ गुण मिळाल्याशिवाय खऱ्या वर्गावर पाठवत नाहीत.

मुले उत्तरे कशी देतात, हे विचारल्यावर चौधरी मॅडम मला पडद्यामागे घेऊन गेल्या. तिथे प्लायवुडच्या आडोशाला, कानाला माइक लावून, पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. समोर गुळाच्या चहाचा पेला. हे सुपडूभाऊ, प्रयोगशाळा सहायक, राहणार पारोळ्याकडचे. पाचही मुलांचे आवाज ते एकटे काढतात. यंत्र तो आवाज बारीक करून योग्य त्या तोंडात घालते. कोणत्या मुलाने काय म्हणायचे याचा कागद कंपनीने दिलेला आहे. त्यात 'मॅडम, मला ही संकल्पना पुन्हा समजावून सांगाल का?' असे एक वाक्य होते.

"तिसरीतलं पोरगं 'संकल्पना' म्हणंल का, भाऊ?" सुपडूभाऊंनी मला विचारले. "म्हणून मी कागद पाहतो नि मनाचं बोलतो."

मलाही पाठ घेऊन पाहण्याची परवानगी मिळाली. विषय, दिशा. मी उत्तर सांगितली, पूर्व सांगितली, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, तुम्ही पेपरात आहात ना? मग आमचा फोटो कधी येईल?" पडद्यामागून खोकल्यासारखे हसू ऐकू आले. पश्चिम सांगितली आणि वीज गेली. ती परत येईपर्यंत, म्हणजे बारा मिनिटे, बॅटरीवर चालणाऱ्या पडद्यावर पाचही मुले हात वर करून गोठलेली होती. मला एकतीस गुण मिळाले. दक्षिणेचे गुण नव्हते, कारण दक्षिण झालीच नव्हती.

खऱ्या परीक्षार्थींत रुखसाना पिंजारी होती. घर पाचोऱ्याचे. वडील आणि भाऊ गाद्या भरतात. बारावीपुढे शिकणारी घरातली ती पहिली. तिचे यंत्रावरचे दोन प्रयत्न झाले होते, बावन्न आणि सत्तावन्न. तिसरा, आणि शेवटचा, दुसऱ्या दिवशी होता. साठ मिळाले तर गुरुवारपासून वर्गातल्या इतर अकरा जणांबरोबर साक्री तालुक्यात सराव. नाही मिळाले तर सराव पुढच्या तुकडीबरोबर आणि शेवटची परीक्षा सहा महिने पुढे.

"सहा महिने पुढे म्हणजे काय, हे घरी समजावायचं कसं?" ती म्हणाली. "अब्बा म्हणतात, गादी भरली की भरली. तुझं अर्ध्यावर कसं राहतं?"

कमी गुणांचे कारण तिला ठाऊक होते. प्रश्न विचारून ती लगेच उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. "आमच्या घरात जो थांबला तो उपाशी," असे तिचे स्पष्टीकरण होते. भाषेबद्दल विचारले तेव्हा ती हसली. "घरात हिंदी, गल्लीत अहिराणी, इथं मॅडमची मराठी. सर, मी तीन भाषांत चुकते."

जळगाव, मंगळवार

पाठ हातच्याच्या बेरजेचा होता. सत्तावीस अधिक पंधरा.

यंत्राची बाजू आधी नोंदवली पाहिजे. सत्तावन्नपर्यंत रुखसानाला त्यानेच आणले होते. या खेपेला तिने प्रश्न विचारला आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. उजव्या हाताची बोटे मांडीवर एकेक वाजत होती. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला पडद्यावरच्या एका मुलीने उत्तर दिले. पडद्याबाहेर चौधरी मॅडम, मी आणि ओळींत तिच्या वर्गातले इतर जण बसलो होतो. चौधरी मॅडमनी पसंतीची मान हलवली. सातव्या मिनिटापर्यंत सगळे नीट चालले होते.

सात आणि पाच बारा, दोन मांडले, एक हातचा, असे ती म्हणाली. मग मागच्या बाकावरच्या मुलाकडे वळून तिने विचारले, "तुला येतं का?"

पडद्यामागे सुपडूभाऊ रंगात आले असावेत. त्या मुलाच्या तोंडून बारीक, रडवेला आवाज आला, "माले नही येस."

अहिराणीत 'येस' म्हणजे येते. माले येस, मला येते. माले नही येस, मला येत नाही. खानदेशात हे कोणाला सांगावे लागत नाही. रुखसानालाही लागले नाही. ती लगेच फळ्याकडे वळली, हातचा म्हणजे काय हे तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितले. दहा मिनिटे संपली. पडद्यावर आकडा आला, अठ्ठावन्न.

रुखसानाने खडू जागेवर ठेवला, हात पुसले आणि ओळीत जाऊन बसली. सुपडूभाऊ कानातला माइक तसाच ठेवून बाहेर आले.

"काय चुकलं मॅडम? पोरीनं तर मस्त शिकवलं."

चौधरी मॅडमनी यंत्राने टिपलेली नोंद उघडली. सातव्या मिनिटासमोर लिहिले होते: 'विद्यार्थी क्रमांक पाच: येस.' त्याखाली: 'विद्यार्थ्यास समजल्यावरही शिक्षकाने स्पष्टीकरण दिले. अनावश्यक पुनरुक्ती. वजा सहा.'

'माले' आणि 'नही' यंत्राने गाळून टाकले होते. ते शब्द त्याच्या यादीत नव्हते. 'येस' मात्र होते.

आधी मॅडम हसल्या, मग मागच्या ओळीत कोणीतरी हसले, मग रुखसाना स्वतः हसली आणि लगेच थांबली. सुपडूभाऊ हसले नाहीत.

"म्हणजे माझ्या तोंडानं गेली का पोरगी?" ते म्हणाले. "मी कागदावरचं म्हणलो असतो तर पास होती?"

"होती."

"संकल्पना म्हणायला पाहिजे होतं," सुपडूभाऊ खुर्चीत बसत म्हणाले.

कंपनीला फोन लावला गेला. पलीकडचा मुलगा नम्र होता. ती बोली अजून यंत्राला शिकवलेली नाही, आणि एकदा आलेला आकडा बदलता येत नाही, असे त्याने सांगितले. बोली शिकवायला काय लागते, असे मॅडमनी विचारले. बोलणाऱ्या माणसांचे तासन्तास रेकॉर्डिंग, असे उत्तर आले. "माणसं भरपूर आहेत," मॅडम म्हणाल्या, "ऐकणारा पाठवा." फोन ठेवला.

मग त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि यंत्राचे सगळे रकाने हाताने आखले. प्रश्नानंतर थांबणे. सर्वांना संधी. विद्यार्थ्याचा प्रतिसाद, होकारार्थी की नकारार्थी. अनावश्यक पुनरुक्ती.

"गुरुवारी साक्रीला चल," त्या रुखसानाला म्हणाल्या. "हाच पाठ, खरा वर्ग. कागद मी भरणार. साठला एक कमी आला तरी त्याच गाडीनं परत. मी यंत्रच आहे, फक्त जुनं. दयाबिया माझ्यात बसवलेली नाही."

"मॅडम, तुम्हाला तरी 'येस' कळतं ना?" कोणीतरी मागून विचारले.

"आमच्या रावेरकडं 'मले' म्हणतात, यांच्याकडं 'माले'. एका काना-मात्रेचं भांडण आहे, कळतं मला."

संध्याकाळी विद्यालयामागच्या शेतात भरिताचा बेत आधीच ठरलेला होता. पुण्यात भरीत म्हणजे वांगे गॅसवर भाजून, दही घालून ताटाच्या कडेला. इथे ते ताटाच्या मधोमध असते आणि त्यासाठी माणसे शेतात जमतात. हिरवी, हातभर वांगी वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, जाळावर भाजतात. मग बडजी नावाच्या लाकडी भांड्यात घालून हिरव्या मिरच्यांसकट ठेचतात. वर कांद्याची पात, बरोबर पुऱ्या. मिरच्यांचे प्रमाण विचारले तर उत्तर मिळाले, "वांगं दिसलं पाहिजे एवढ्या."

रुखसाना जाळापाशी बसून पऱ्हाटी मोडून आत सरकवत होती. थोड्या वेळाने तिच्या हाताचा वेग कमी झाला. सरळ काड्या ती बाजूला ठेवू लागली. दहा झाल्या की सुतळीने जुडी बांधायची. सुपडूभाऊ परातीत पुऱ्या घेऊन आले, थांबले आणि पाहत राहिले.

"काय करी ऱ्हायनी व?" त्यांनी विचारले.

"पडद्यावरच्या पोरांच्या हातात काही देता येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "खऱ्यांच्या देता येईल."

सुपडूभाऊंनी परात खाली ठेवली आणि तेही काड्या निवडायला बसले. त्या रात्रीच्या काही पुऱ्यांना धुराचा वास होता तो त्यामुळे.

धुळे, बुधवार

धुळ्यात एका रात्रीपुरताच मुक्काम. पांझरेच्या पुलाजवळच्या खानावळीत शेवभाजी मागवली आणि पुण्याच्या सवयीने 'जरा कमी तिखट' असे म्हटले. वाढप्याने मालकाकडे पाहिले, मालकाने माझ्याकडे.

"भाऊ, कमी करता येस," तो शांतपणे म्हणाला, "पन मंग ती शेवभाजी नही ऱ्हास. दुसरं काहीतरी व्हस. त्याले नाव तुम्ही द्या."

मी नाव न देता नेहमीची खाल्ली. दोन तांबे पाणी, अर्धा कांदा, आणि शेवटी मालकाने न मागता आणून दिलेला गूळ. चौधरी मॅडम आणि रुखसाना समोर बसून तीच भाजी चेहऱ्यावरची रेषही न हलवता संपवत होत्या. इतर अकरा जण त्यांच्या त्यांच्या बसने पुढे गेले होते. रुखसानाच्या पिशवीत काड्यांच्या जुड्या होत्या आणि ती पिशवी तिने जेवतानाही मांडीवर ठेवली होती. बदलायचे कपडे, वही, साबण असे तिचे बाकीचे सामान सरावाच्या सहा आठवड्यांचे होते. ते आम्ही तिघे आलो त्या गाडीत होते. परत न्यावे लागेल की उतरवावे लागेल, हे गुरुवारी ठरणार होते.

जेवताना मी 'येस'चा विषय काढला. इथल्या शाळांत हजेरी घेताना मुले 'येस मॅडम' म्हणतात, तेव्हा नेमके काय म्हणतात, इंग्रजी की अहिराणी?

"पहिलीतलं पोरगं अहिराणी म्हणतं," रुखसाना म्हणाली. "त्याला वाटतं, मॅडम विचारतेय, शाळेत येतोस का. ते म्हणतं, येस."

"आणि इंग्रजी कधी होतं?"

"बाहेरचे गुरुजी आले की."

साक्री तालुका, गुरुवार

साक्रीच्या पुढे रस्ता डोंगराकडे वळतो. कापणी झालेली बाजरीची शेते, मधेच सागाची पाने, कोरडी ओढ्याची पात्रे. शाळा गावाच्या टोकाला होती. तिथले मुख्याध्यापक पवार गुरुजी. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी आम्हाला पाहताच कपाळाला हात लावला.

"मॅडम, आज बजार शे! अर्धी पोरं मायबापाबरोबर बजारले. आज कशाला आलात?"

तिसरीत चौदा मुले होती. एकाच्या खिशात बाजारातून सकाळीच आणलेला फुटाण्याचा पुडा होता आणि वर्गाचे निम्मे लक्ष त्या खिशाकडे होते. यंत्राने ही परिस्थिती कधी दाखवली नव्हती. चौधरी मॅडम मागच्या कोपऱ्यात पाटावर बसल्या, आखलेला कागद मांडीवर. मी दाराशी.

रुखसानाने हजेरी घेतली. चौदा वेळा 'येस मॅडम'. मग सत्तावीस अधिक पंधरा फळ्यावर मांडले, सात आणि पाच बारा, दोन मांडले, एक हातचा.

"समजलं का?"

"होऽऽऽ!" चौदा तोंडे, एक आवाज.

पडद्यावरची मुले असे कधी करत नाहीत. ती शंका विचारतात, कारण त्यांना विचारायला बसवलेले असते. खरी मुले हो म्हणतात, कारण हो म्हटले की तास पुढे सरकतो. मॅडमच्या पेन्सिलीने कागदावर काहीतरी केले. काय ते मला दिसले नाही.

रुखसानालाही तो होकार पोकळ वाटला असावा. तिने विचारले, "कोणाला येत नाही?"

चौदाही जण फळ्याकडे पाहत बसले.

ती थांबली. बोटे मांडीवर वाजू लागली. पाच झाले. पडद्यासमोर पाच पुरतात. सहा. सात. फुटाणेवाल्याने खिशात हात घातला आणि काढला. नऊ. मी चौधरी मॅडमकडे पाहिले. त्या कागदाकडेच पाहत होत्या. मग रुखसानाने तोच प्रश्न भाषा बदलून, खाली बसून, विचारला.

"कोणले नही येस?"

भिंतीपाशी बसलेल्या एका मुलीने आधी शेजारणीकडे पाहिले. रोशनी तिचे नाव. हजेरीत सर्वांत हळू 'येस' तिचेच होते.

"माले नही येस," ती म्हणाली. मग, आता सांगितलेच आहे तर, या सुरात, "हाऊ हातचा कोना हातमा ऱ्हास?"

वर्ग हसला. प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. हातचा म्हणतात, पण फळ्यावर तो कोणाच्याच हातात नव्हता.

रुखसानाने पिशवी ओतली. दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या एका बाजूला, एक जुडी आणि पाच सुट्या दुसऱ्या बाजूला. सुट्या काड्या रोशनीने मोजल्या, बारा. त्यातल्या दहा वेगळ्या काढून रुखसानाने सुतळी तिच्याच हातात दिली. गाठ बांधायला रोशनीला कोणी शिकवले नव्हते, पण तिने ती अशी बांधली की जणू रोज चाऱ्याच्या पेंढ्या बांधते, आणि बहुधा बांधतही असावी.

"आते हाई जुडी कोना हातमा शे?" रुखसानाने विचारले.

रोशनीने हातातल्या जुडीकडे पाहिले. "मना हातमा."

"तोच हातचा."

रोशनीने ती जुडी उरलेल्या तीन जुड्यांशेजारी स्वतःच नेऊन ठेवली. चार जुड्या, दोन काड्या. "बेचाळीस," फुटाणेवाला ओरडला. तो इतका वेळ ऐकत होता, हे कोणाला ठाऊक नव्हते. रोशनीने त्याच्याकडे रागाने पाहिले. उत्तर तिचे होते.

मग बाकीच्यांनीही हात वर केले. 'माले बी नही येस', 'माले बी.' एका मिनिटापूर्वी सगळ्यांना येत होते. आता निम्म्यांना येत नव्हते, आणि ते सांगण्यासाठी रांग लागली. जुडी प्रत्येकाच्या हातातून गेली. दहा मिनिटे संपली तरी पाठ थांबवायला मॅडमनी हात वर केला नाही. तो पंधराव्या मिनिटाला केला.

बाहेर पडवीत नानांनी चहा आणला. मॅडम बेरीज करत होत्या. मी कागदावर नजर टाकली आणि थबकलो. 'विद्यार्थ्याचा प्रतिसाद' या रकान्यात पहिल्या, सामूहिक 'हो'पुढे त्यांनी नकारार्थी खूण केली होती. रोशनीच्या 'माले नही येस'पुढे होकारार्थी.

"मॅडम, खुणा उलट झाल्यात," मी म्हणालो.

"नाहीत," त्या म्हणाल्या. "जे पोरगं सांगतं की मला येत नाही, ते शिकायला तयार आहे. यापेक्षा मोठा होकार वर्गात मिळत नाही. मंगळवारी यंत्रानं बरोबर ऐकलं होतं. फक्त त्याला कळलं नव्हतं, की पोरीनं पुन्हा शिकवलं ते त्या होकाराचं उत्तर होतं."

'अनावश्यक पुनरुक्ती'चा रकाना कोरा होता. खाली एकूण: सहासष्ट.

रुखसानाला कागद दाखवला गेला. तिने आकडा पाहिला, पुन्हा वरून खाली बेरीज करून पाहिली, सहा आणि एक हातचा असे पुटपुटली आणि मग गाडीकडे गेली. डिकी उघडून तिने सामान उतरवायला सुरुवात केली. नानांनी दोन मोठी मुले मदतीला पाठवली, त्यांनी साबणाची पिशवी पाडली.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. सुपडूभाऊ. आवाज एवढा मोठा की पडवीभर ऐकू येत होता.

"मॅडम, पोरगी पास झाली का?"

"येस," मॅडम म्हणाल्या.

पलीकडून सावध आवाज आला, "कोणतं येस, मॅडम? त्या मशीनचं का आपलं?"

मॅडमनी फोन रुखसानाच्या हातात दिला. तिने एका हाताने वळकटी छातीशी धरली होती.

"आपलंच, भाऊ," ती म्हणाली. "आते येस."